सहा दिवसांची उचकी

मी रोज सकाळी साडेसहा ते दहा लोकांच्या घरी जाऊन रक्त काढते. मुलुंड पूर्व, मुलुंड पश्चिम, कधीकधी भांडुप. स्कूटीवर बर्फाच्या पिशव्यांचा निळा डबा, पाठीवर बॅग, बॅगेत सुया, ट्यूबा, दंडाला बांधायचा पट्टा, कापूस. बारा वर्षं हेच करते आहे. न दिसणारी शीर मला बोटाने सापडते. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठी, की माझ्या बाबांना सहा दिवस उचकी लागली होती आणि त्यातले पाच दिवस मी त्यांना साखर, मध आणि शहाळ्याचं पाणी देत होते.

मंगळवारी दुपारी जेवताना सुरू झाली. मी सकाळचं काम संपवून घरी आले होते, आई पोळ्या करत होती, बाबा माझ्या समोर बसले होते. एक उचकी, मग दुसरी. बाबा पाणी प्यायले, तिसरी आली. आई ओट्याजवळूनच म्हणाली, कोणीतरी आठवण काढतंय. बाबा म्हणाले, रिटायर माणसाची आठवण कोण काढणार.

बाबा चौसष्ट वर्षांचे. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत नोकरी केली, मुलुंडमध्ये स्वतःचा फ्लॅट घेतला आणि गुडघे घालवून बसले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण ती वारंवार बंद, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. गुडघ्यांसाठी ते रोज दुखणं थांबवायची एक गोळी घ्यायचे. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी त्यांनी दोन वर्षं घेतली, कारण मेडिकलवाला ओळखीचा होता आणि चिठ्ठी मागत नव्हता. ही गोष्ट मला माहीत होती. मी चिडायचे, ते हो म्हणायचे आणि पुन्हा गोळ्यांची पट्टी आणायचे. माझं चिडणं म्हणजे घरात नेहमीचं झालं होतं, कुकरच्या शिट्टीसारखं.

पहिल्या दिवशी आम्ही नावं घेतली. आमच्या घरात उचकीवर पहिला उपाय तोच. एकेक नाव मोठ्याने घ्यायचं आणि ज्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली असं धरायचं. आई घ्यायची बाबांकडच्या माणसांची नावं, मी आईकडच्यांची. ऑफिसमधले, गावाकडचे, सोसायटीतले, मेलेले वगळून सगळे. मेलेल्याचं नाव उचकीला घ्यायचं नाही, हा आईचा नियम. मालाडच्या आत्याचं नाव आलं आणि उचकी थांबली. आम्ही तिघांनी थोडं थांबून पाहिलं. खरंच थांबली होती.

मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आत्याला फोन. बाबांनी स्पीकरवर टाकला. "तू माझी आठवण काढलीस का गं?" आत्या म्हणाली, "अरे, आत्ताच. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील." बाबा खूश. बहीणभाऊ पाऊण तास बोलले. एरवी वर्षातून दोनदा बोलणारी माणसं. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी उचकी परत आली, पण तोवर ती उचकी सगळ्यांना आवडायला लागली होती.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आम्हाला त्या उचकीची भीती वाटली नाही. मजा वाटली.

आमच्या चुकीचं मूळ कुठे आहे ते मी नंतर खूप शोधलं. उपाय लागू पडले नसते तर आम्ही बुधवारी सकाळीच दवाखान्यात गेलो असतो. पण प्रत्येक उपाय लागू पडला. खालच्या काकूंनी जिभेखाली साखर ठेवायला सांगितली, दोन तास शांत. मी मागून जाऊन स्कूटी चोरीला गेली असं ओरडले, बाबा दचकले, तासभर शांत. वाकून पेल्याच्या पलीकडच्या कडेने पाणी प्यायचं हा शेजारच्यांचा उपाय, त्यालाही यश. बुधवारी आईने तिच्या माहेरचा जालीम उपाय काढला. मोरपीस जाळून त्याची चिमूटभर राख मधातून चाटवायची. मोरपीस देव्हाऱ्यामागे होतंच. बाबांनी तोंड वाकडं करत चाटलं आणि संध्याकाळपर्यंत उचकी नाही. आई दिवसभर त्या विजयात वावरत होती. ती उचकी आपल्याच तालाने येत होती आणि आपल्याच तालाने जात होती, आणि ती जायची वेळ आली की जो कोणी जे काही देत असेल त्याला श्रेय मिळत होतं. हे आज इतकं सरळ दिसतं की लिहितानासुद्धा माझा राग राग होतो.

बुधवारी मी रक्ताचं बोलले नाही असं नाही. सकाळच्या कामाला निघताना म्हटलं, बाबा, एकदा रक्त बघू या का. बाबा म्हणाले, उचकीसाठी रक्त? तुमच्या लॅबचं टार्गेट माझ्यावर पूर्ण करू नकोस. आई हसली. मीही हसले. मला उशीर होत होता, पहिला पेशंट उपाशी पोटी वाट बघत होता. आणि घरच्यांचं रक्त आपण काढू नये, हात कापतो, असं मीच माझ्यापुरतं ठरवलेलं होतं. बॅग पाठीवर, बॅगेत तीस रिकाम्या ट्यूबा, आणि मी दुसऱ्यांच्या बाबांचं रक्त काढायला गेले.

मी काय काय पाहिलं ते सांगते. बाबांच्या पायांवर मोज्यांची खूण संध्याकाळपर्यंत राहत होती. ते अर्धी पोळी खाऊन उठत होते आणि सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणत होते. आईला वाटलं नवी कढई. आणि त्यांच्या तोंडाला एक वास येत होता. तो वास मला ओळखीचा होता. माझ्या रोजच्या फेरीत डायलिसिसवाले तीन पेशंट होते, त्यांच्या पलंगाजवळ वाकलं की तो यायचा. गुरुवारी बाबांच्या पाठीवरून हात फिरवताना तो मला आला आणि मी मनात म्हटलं, पोट साफ नाही. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत मी असं म्हटलं नसतं.

गुरुवारपासून शहाळं. कोणी सांगितलं ते आता आठवत नाही, बहुतेक खालच्या काकूंनीच. शहाळ्याचं पाणी घोट घोट घ्यायचं, पोटातली आग शांत होते, उचकी मुळापासून जाते. आईचे पाय जिने उतरून चढण्याचे राहिले नव्हते, म्हणून आणायचं काम माझं. सकाळचे सॅम्पल सेंटरवर देऊन झाले की मी स्टेशनजवळच्या शहाळेवाल्याकडे थांबायचे. दोन शहाळी फोडून तो पाणी माझ्या स्टीलच्या बाटलीत ओतायचा. मलई वेगळी देऊ का विचारायचा. बाटली मी निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवायचे. नियमाने त्या डब्यात रक्ताशिवाय काही ठेवायचं नसतं. मला वाटायचं, बाबांना गार मिळेल.

आई पेल्यात ओतून त्यांना पाजायची. एका हाताने मानेमागे आधार द्यायची, कारण शुक्रवारपासून त्यांना बसूनसुद्धा थकवा येत होता. पण शुक्रवारी उचकी सगळा दिवस आली नाही. सगळा दिवस. शहाळ्यावर आमचा विश्वास बसला तो तेव्हा. बाबांनी आत्याला फोन करून सांगितलं, गेली एकदाची, पोरीने शहाळ्याने घालवली.

शनिवारी ती परत आली, आणि आता वेगळी होती. सगळं अंग उचलून आपटायची. दोन उचक्यांमध्ये बाबांना वाक्य पूर्ण करता येईना. पाय जड झाले म्हणाले, कोणी वाळू भरल्यासारखे. मी दोनाऐवजी तीन शहाळी आणली. हे वाक्य लिहिण्यासाठी मला दोन वर्षं लागली.

संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, ते बाहेरगावी होते, सोमवारी या म्हणाले. दुसरीकडे कुठे जायचं, उचकीसाठी हॉस्पिटलात गेलो तर हसतील, असं आई म्हणाली. मीही मान हलवली. आमच्यासारख्यांना लोक हसतील याची फार भीती असते.

रविवारी सकाळी सहा वाजता मी कामाला निघाले होते. चप्पल घातली, परत काढली आणि बाबांच्या पलंगाशी जाऊन पट्टा बांधला. ते काही बोलले नाहीत, टार्गेटचा विनोदही नाही. त्याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली. हात अजिबात कापला नाही माझा. शीर पहिल्या झटक्यात मिळाली. ट्यूबवर मी त्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, फोन नंबरच्या जागी माझा लिहिला. बाटलीत आदल्या दिवशीचं शहाळ्याचं पाणी होतं, ते नऊ वाजता द्यायचं आईला सांगून मी निघाले, आणि आधी ती ट्यूब लॅबमध्ये देऊन मग फेरीला लागले.

लॅबमध्ये एक पद्धत आहे. रिपोर्टमध्ये जिवाला धोका दिसेल असा आकडा आला तर कागद छापायची वाट बघत नाहीत, आधी फोन करतात. ट्यूबवर लिहिलेल्या नंबरवर. मी भांडुपला एका आजींच्या घरी होते, त्यांची मूठ मिटायला सांगत होते, तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडे लॅबमधला माझाच सहकारी. त्याने नाव वाचलं, वय वाचलं, मग म्हणाला, तुझाच नंबर कसा काय आहे यावर? त्याने किडनीचं क्रिएटिनिन सांगितलं, मग पोटॅशियम सांगितलं, आणि मग त्याला कळलं. म्हणाला, "यार, तू घरी जा. आत्ता."

मी घरी फोन लावला. आईने उचलला तो हलक्या आवाजात. "थांबली गं उचकी. आता शांत झोपलेत."

पुढचं सगळं थोडक्यात सांगते, कारण तेवढंच नीट आठवतं. ते झोपलेले नव्हते, शुद्धीत नव्हते. लिफ्ट बंद होती. सोसायटीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून चार मजले खाली आणलं. जिन्यात मी पुढे चालत होते आणि खुर्ची कुठे वळवायची ते ओरडून सांगत होते. हॉस्पिटलात त्यांनी छातीला तारा लावल्या, मशीनची पट्टी बघितली आणि पळापळ सुरू झाली. मला फॉर्म भरायला, औषधं आणायला पाठवलं. मेडिकलसमोरच्या रांगेत मला एक स्वयंपाकघर आठवलं. डायलिसिसच्या एका पेशंटचं, मुलुंड पश्चिमेचं. त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला, पोटॅशियम वाढवणाऱ्या पदार्थांचा कागद, वर्षभर मी दर पंधरा दिवसांनी त्याच्यासमोर उभी राहून सुई जोडलेली. केळं नाही. टोमॅटो नाही. शहाळं नाही, आणि त्याच्याखाली लाल रेघ. मी तो कागद इतक्या वेळा वाचला होता की त्यातलं शुद्धलेखन मनात सुधारून ठेवलं होतं.

दोन्ही किडन्या गेल्या होत्या. ते गोळ्यांचं काम, बरेच महिने चाललेलं. उचकी ही त्याची सांगायची रीत होती. डायलिसिसची तयारी चालू असतानाच, रक्तात चढलेल्या पोटॅशियमने हृदय बंद पडलं. दुपारचे चार वाजले होते. शहाळ्यामुळे गेले असं मला कोणी म्हटलं नाही. शहाळ्यामुळे गेले नाहीत असंही कोणी म्हटलं नाही. मी कुणाला विचारलं नाही, कारण मला पोटॅशियमचा आकडा पाठ आहे.

आईला मी काही सांगितलं नाही. तिला वाटतं किडनीने गेले, तेवढं पुरे, असं मी ठरवलं. तेराव्याला आत्या माझा हात धरून रडली. म्हणाली, त्या मंगळवारी मी काही त्याची आठवण काढली नव्हती गं, मी पार्लरमध्ये होते, पण असं विचारल्यावर हो म्हणतात म्हणून हो म्हटलं. तिला हेच खात होतं. मी तिला म्हटलं, जाऊ दे आत्या, पाऊण तास बोललात तेवढं झालं. ते मी मनापासून म्हटलं. तिच्या खोट्याचा मला हेवा वाटला.

मी काम सोडलं नाही. शहाळेवाल्याचा रस्ता सोडला. तो कोपरा टाळायला रोज लांबचा वळसा घेते, पेट्रोल जळतं, जळू दे.

गेल्या महिन्यात एका रविवारी जेवण झाल्यावर मला उचकी लागली. आई वाटाणे सोलत बसली होती. आधी तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. चौथ्या-पाचव्या उचकीला उठली, साखर दिली. पाणी दिलं. मग समोर बसली आणि नावं घ्यायला लागली. आत्या, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी, लॅबमधला सहकारी, खालच्या काकू. नावं संपली. उचकी चालूच.

मग आईने बाबांचं नाव घेतलं.

तिने ते कधीच घेतलेलं नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात ते 'अहो' होते नाहीतर 'हे'. बँकेत, रेशनच्या दुकानात, कुठेही नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचे. हॉस्पिटलातही पेशंटचं नाव मीच सांगितलं होतं. आणि गेलेल्यांचं नाव उचकीला घ्यायचं नाही, हा नियमही तिचाच. दोन्ही मोडून तिने ते सरळ घेतलं, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं.

माझी उचकी थांबली. मला वाटलं ती आता रडेल, पण ती वाटाणे सोलायला लागली. वीसेक मिनिटं गेली असतील. मग उचकी परत आली.

आईने ताट बाजूला सरकवलं, दारामागे टांगलेली माझी बॅग आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "रक्त काढ," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, अर्धा तास झालाय फक्त, जास्त जेवले असेन. तिने बॅगेची चेन स्वतःच उघडली. तिला कशाला काय म्हणतात ते माहीत नाही, पण पट्टा बरोबर काढला. स्वतःचं रक्त काढणं सोपं नसतं, एक हात कामाला उरतो. मी पट्ट्याचं एक टोक दातात धरून तो दंडाला ओढून बांधला. आईला म्हटलं, मी सांगेन तेव्हा ट्यूब दाबून धर. तिने दोन्ही हातांनी धरली. मध्येच मला उचकी आली, सुई हलली, पण शिरेतच राहिली. ट्यूब भरत होती. तिच्याकडे न बघता बोलायला तेवढाच वेळ होता माझ्याकडे.

"आई, त्या वेळी शहाळी मी आणत होते. ती द्यायची नसतात त्यांना. मला माहीत असायला हवं होतं."

ट्यूब तिने हलू दिली नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू खाली औषधं आणायला गेलेलीस, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं. काय काय प्यायले? शहाळ्याचं पाणी म्हटल्यावर म्हणाले, ते कोणी दिलं त्यांना? मी म्हटलं, मी दिलं."

"आणत मी होते गं."

"तू आणत होतीस. पेला माझ्या हातात होता."

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघी एका टेबलावर जेवत होतो, आणि मी तिच्यापासून जे लपवत होते तेच ती माझ्यापासून लपवत होती. मला हलकं वाटलं नाही. खूप राग आला, तिचा, माझा, चिठ्ठी न मागणाऱ्या मेडिकलवाल्याचा, हसत हसत पट्टी आणणाऱ्या बाबांचा. मग तो राग बसला आणि मला फक्त तिच्या हातांची कीव आली, ट्यूब अजून घट्ट धरलेल्या.

सुई काढली. तिने कापूस माझ्या हातावर दाबला आणि किती वेळ दाबायचं ते विचारलं. तीन मिनिटं, मी म्हटलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग पेन घेऊन ट्यूबवरच्या कागदावर तिने माझं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि नंबरच्या जागी तिचा स्वतःचा फोन नंबर घातला. लॅबचा फोन आला तर तो तिला यायला हवा होता.